वाडीत पाय मांडीपर्यंत गेला, तिथे जेसीबी न्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मनोरीच्या बाजूला वडिलोपार्जित एक एकर वाडी आहे, बरीच वर्षं पडीक. पावसाआधी जेसीबी लावून साफ करायची आहे. गेल्या आठवड्यात गवत कापणाऱ्या माणसाचा पाय एका जागी मांडीपर्यंत आत गेला आणि खाली काही लागलंच नाही. भोवतीची पाच-सहा हात जमीन किंचित खोलगट दिसते. खाडीकडचा तुकडा मात्र सुकून भेगाळलाय, तिथून गाडी सहज जाईल असं वाटतं. हे सिंकहोल आहे का, आणि दोन डंपर रॅबिट, म्हणजे पाडकामातले विटा-दगडांचे तुकडे, टाकून बुजवलं तर चालेल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. त्या खोलगट जागेपासून माणसं आणि मशीन दोन्ही लांब ठेवा. रॅबिट टाकू नका. ती बहुतेक जुनी विहीर आहे. आणि जिथून गाडी सहज जाईल असं तुम्हाला वाटतंय, त्या तुकड्याची मला विहिरीपेक्षा जास्त काळजी वाटते.

मी तीस वर्षं मुंबई-ठाण्यात माती तपासणीचं काम करतो. इमारत, पूल, टाकी काहीही उभं राहण्याआधी बोअर मारून खाली काय आहे ते बघायचं. या कामात एक खोड लागते: जमीन कितीही कडक दिसली तरी पहार मारल्याशिवाय तिच्यावर विश्वास बसत नाही. आपल्याकडची फसवी जमीन मऊ दिसत नाही. मऊ दिसली असती तर कोणी तिच्यावर पाय दिलाच नसता.

सिंकहोल या शब्दाबद्दल. परदेशातल्या चित्रफितींत अख्खं घर गिळणारी जी विवरं दिसतात, ती बहुतेक चुनखडीच्या प्रदेशातली असतात. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, आत गुहा तयार होतात आणि एक दिवस छत बसतं. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड आहे. मुंबईत बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, मढ-मनोरीच्या बाजूला फिकट रंगाचा ट्रॅकाइट. यातला कुठलाच दगड चुनखडीसारखा विरघळत नाही. महाराष्ट्रात चुनखडी आहे ती चंद्रपूर-यवतमाळकडे. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला २०२२ साली एक राहतं घर जमिनीत गेलं, पण तिथेही कारण चुनखडी नव्हती, खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. म्हणजे माणसाने केलेली पोकळी. आपल्या भागातही असंच धरून चाला: जमीन अचानक खचली तर ती पोकळी कोणीतरी खणलेली असते, नाहीतर पाण्याने पोखरलेली असते.

खणलेल्यांत पहिला नंबर विहिरीचा. मुंबई हे विहिरींचं गाव होतं हे आता कोणाच्या लक्षात नाही. धोबी तलावात तलाव नाही, गोवालिया टँकमध्ये टाकी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांसाठी म्हणून शहरातल्या कितीतरी विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. झाकलेली विहीर काय करते ते जून २०२१मध्ये घाटकोपरला सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार नाक खाली करून बघता बघता पाण्यात दिसेनाशी झाली. अर्ध्या विहिरीवर स्लॅब टाकून तिथे गाड्या लावत होते. नशिबाने आत कोणी नव्हतं.

वाडीतल्या विहिरीची गोष्ट थोडी वेगळी असते. तिथे स्लॅबही नसतो. पाणी खारं झालं किंवा नळ आला की विहीर वापरातून जाते. कठड्याचे दगड कोणीतरी दुसऱ्या बांधकामाला नेतं. मग विहीर कचराकुंडी होते: झावळ्या, ओंडके, फुटकी कौलं, मेलेलं जनावर, वरून माती. दहा-पंधरा वर्षांत लाकूड कुजतं, झावळ्या बसतात आणि वरच्या मातीखाली रिकामी जागा तयार होते. ही पोकळी एका जागी राहत नाही. तिच्या छताची माती पावसात थोडी थोडी खाली गळते, तशी ती वर वर सरकत येते. माती कमानीसारखी स्वतःला तोलून धरते, म्हणून वरून महिनोन्‌महिने काहीच कळत नाही. शेवटी हातभर जाडीचं छत उरतं, त्यावर गवतही छान येतं. तुमच्या माणसाचा पाय त्या छतातून गेला असावा. एकच पाय गेला, तो माणूस आख्खा गेला नाही, हे भाग्य समजा.

पाण्याने पोखरलेली पोकळीही याच पद्धतीने वाढते, फक्त तिला विहीर लागत नाही. जमिनीखालची फुटकी पाइपलाइन, शोषखड्डा, बांधाखालची मोरी, कुजलेल्या झाडाचं मूळ, घुशीचं बीळ, काहीही पुरतं. पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली की ते जाताना बारीक माती सोबत नेतं. २०१९मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांनी पोखरलं असं एक विधान झालं आणि राज्यभर हसं झालं. धरण फुटण्याचं खापर खेकड्यांवर फोडणं हास्यास्पदच होतं. पण भाताच्या खाचराचा बांध खेकड्याच्या बिळापासून फुटायला लागतो, हे कोकणातला कुठलाही शेतकरी सांगेल. बांधावरून ट्रॅक्टर घालताना बांधाच्या बाहेरच्या अंगाला गढूळ पाणी पाझरताना दिसलं तर परत फिरा. नितळ पाझर बरा, गढूळ पाझर म्हणजे माती वाहून चालली आहे.

आता विहीर आहे की नाही हे कसं ठरवायचं? माझा पहिला उपाय मशीनचा नाही. गावातली सर्वात म्हातारी व्यक्ती शोधा. वसईत एकदा आम्ही गोदामाच्या जागेवर चार बोअर मारले, चारही व्यवस्थित. निघताना शेजारच्या आजी सहज म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात बावखल होतं, आम्ही म्हशी धुवायचो." बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांना पाणी द्यायला खणलेलं तळं. आमच्या चार भोकांपैकी एकही त्या कोपऱ्यात नव्हतं. पाचवं मारलं, तर साडेतीन मीटरपर्यंत नुसता कचरा आणि काळा चिखल. तेव्हापासून मी गावात बसून चहा आधी घेतो आणि बोअर मारायची तिपाई नंतर उभी करतो.

कागदही बघा. सातबाऱ्यावर, विशेषतः जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर, इतर हक्कात विहिरीची नोंद सापडू शकते. भूमी अभिलेखातले जुने नकाशे आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रंही चाळा. त्यातली एप्रिल-मे महिन्यांतली छायाचित्रं निवडा. सगळं रान करपलेलं असताना एखादा गोल ठिपका हिरवा दिसला तर तो उगीच नसतो. जागेवर गेल्यावर शोधायच्या खुणा म्हणजे मोटरपंपाचा काँक्रीटचा ओटा, रहाटाचे किंवा मोटेचे दगडी खांब, थारोळं (मोटेचं पाणी पडायची दगडी कुंडी), कुठेही न पोचणारा दगडी पाट, एकटं उंबराचं झाड. तुम्ही लिहिलेली गोल खोलगट जागा ही स्वतःच मोठी खूण आहे. निसर्गाला गोल खड्डे पाडायची फारशी हौस नसते.

बोअरवेलचीही चौकशी करा. साडेसहा इंचाचं उघडं भोक मोठ्या माणसाचा पाय मोडतं आणि लहान मुलाचा जीव घेतं. सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत भरून टाकावी असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच दिले आहेत. वर गोणपाट आणि दगड ठेवणं म्हणजे बोअर बंद करणं नव्हे.

खाडीकडचा तुकडा वेगळा विचार मागतो. ते खाजण असणार. भरतीच्या पाण्याने हजारो वर्षं आणून टाकलेला बारीक गाळ, मुंबईच्या खाड्यांच्या काठी तो कित्येक ठिकाणी दहा मीटरपेक्षाही जाड सापडतो. आम्ही जमिनीची ताकद मोजतो ती अशी: ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून पाडायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. पक्क्या मुरमात पन्नास ठोक्यांनीही नळी तेवढी उतरत नाही. खाडीच्या गाळात घण नुसता वर ठेवला तरी नळी आपोआप खाली जाते. कांजूरच्या मिठागराजवळ आमच्या तिपाईचा एक पाय डोळ्यांदेखत दीड फूट आत गेला होता, आणि त्याच जागेवरून आम्ही सकाळपासून चालत होतो.

हे कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. उन्हाने गाळाचा वरचा फूट-दीड फूट भाग सुकून पापडासारखा होतो. त्या भेगा तुम्हाला कोरडेपणाची खूण वाटल्या, पण त्या फक्त पापडाच्या भेगा आहेत. खालचा गाळ मे महिन्यातही ओलाच असतो. चालणाऱ्या माणसाचं वजन एका पावलावर येतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक तृतीयांश किलो. वीस टनांच्या पोकलेनचा, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या खोदकामाच्या मशीनचा, पट्टाही जवळपास तेवढाच दाब देतो, अर्धा किलोच्या आसपास. म्हणून ऑपरेटर म्हणतो, माणूस चालतो तिथे पोकलेन चालतं. वाक्य ऐकायला बरोबर आहे आणि त्याने बुडालेली मशीन मी पाहिली आहेत. दाब सारखा असला तरी तो किती खोल पोचतो हे रुंदीवर ठरतं. ढोबळ हिशेब असा की रुंदीच्या दीड-दोनपट खोलीपर्यंत भार जाणवतो. पाऊल दहा सेंटिमीटर रुंद, त्याचा भार वीस सेंटिमीटरवर संपतो, तो पापडातच जिरतो. पट्टा साठ सेंटिमीटरचा, त्याचा भार एक मीटरच्याही खाली जातो, म्हणजे पापड ओलांडून थेट गाळात. त्यात बादली भरून एका बाजूला वळली की निम्म्याहून जास्त वजन एका पट्ट्याच्या कडेवर येतं. जेसीबीचं तर विचारूच नका. पट्टे नाहीत, चाकं आहेत, दाब पोकलेनच्या चार-पाच पट.

त्यामुळे खाडीकडच्या तुकड्यात मशीन नको, हाताने साफ करा. तसंही तिथे तिवरं, म्हणजे खारफुटी, असतील तर त्यांना हात लावता येत नाही, आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या पट्ट्यातही भराव किंवा बांधकाम चालत नाही. माणसं पाठवायची तर उधाणाच्या दिवसांत नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी आत येतं आणि खालूनही वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत जा आणि ओहोटी लागल्यावर उतरा. गावातला एखादा कोळी सोबत असेल तर त्याच्या पावलावर पाऊल टाका, स्वतःची अक्कल गावठाणातच ठेवा.

उरलेल्या वाडीत मशीन न्यायचं तर वाट आधी टोचून घ्या. सोळा मिलिमीटरची सळई दोन मीटर कापून वर आडवा दांडा वेल्डिंग करून घ्या, टोक घासून अणकुचीदार करा. गावात शंभर-दोनशे रुपयांत होईल, आणि माझ्या मते तुमच्या कामात पैशाला सर्वात मोल देणारी वस्तू हीच. मशीनच्या वाटेवर दर दोन पावलांनी, दोन्ही चाकांच्या रेषेत आणि मध्ये, सळई अंगाच्या जोराने दाबायची. हाताला चार गोष्टी कळतात. ती रेटून रेटून जात असेल तर साधी माती. टण्णकन थांबली तर दगड, बाजूला परत टोचा, एखादा सुटा धोंडाही असू शकतो. लोण्यात सुरी जावी तशी गेली तर गाळ किंवा कच्चा भराव. आणि आधी जोर लागून मग अचानक हातातून सुटल्यासारखी खाली गेली तर पोकळी. तिथेच थांबायचं, पाय न उचलता मागे सरायचं. पहारीने जमीन ठोकूनही ऐका. भरीव जमीन बद्द आवाज देते, पोकळीवर घुमतो. पण कानावर मी एवढा भरवसा ठेवत नाही, सळईवर ठेवतो. सुरक्षित वाटेवर दोन्ही बाजूंना फक्कीची रेघ मारा आणि ऑपरेटरला ती पायी चालून दाखवा. मशीनमधून त्याला रेघ दिसते, तिचा अर्थ कळत नाही.

त्या खोलगट जागेजवळ मात्र एकट्याने टोचायला जाऊ नका. बाहेरून आत या, आतून बाहेर नाही. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक झाडाला, सोबत एक माणूस, पायाखाली लांब फळी. विहिरीचा काठ आतून ढासळलेला असतो, म्हणजे वर दिसणाऱ्या खड्ड्यापेक्षा खालची पोकळी रुंद असते. खोली कळेपर्यंत चारी बाजूंनी किमान पाच मीटर सोडून बांबू रोवा आणि दोरी बांधा. मशीनला त्याच्या दुप्पट अंतर.

आणि काही झालंच तर. कोणी विहिरीत पडलं तर दुसऱ्याने आत उडी घ्यायची नाही, हे कामावरच्या प्रत्येकाला सकाळी सांगा, ओरडून सांगा. २०२४मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. मांजराला काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, असं करत पाच जणांचा जीव गेला. कुजणाऱ्या कचऱ्यातून येणारा वायू दोन श्वासांत माणूस आडवा करतो. वास येईलच असं नाही, आणि काही वायू तर नाकच बधिर करतात. वरून दोर टाका, आवाज देत राहा, अग्निशमन दलाला १०१ लावा.

गाळात रुतणं त्यामानाने सोपं, फक्त घाई नको. सिनेमात दाखवतात तसा गाळ माणसाला गिळत नाही. गाळ अंगापेक्षा जड असतो, कमरेच्या पुढे माणूस सहसा जात नाही. जीव जातो तो भरतीने, नाहीतर उन्हाने आणि दमल्याने. सरळ वर ओढलं तर पायाखाली चोखल्यासारखं होऊन पाय आणखी अडकतो. मागे रेला, जमेल तर पाठ टेका, पाय हळूहळू गोल फिरवत राहा म्हणजे भोवती पाणी शिरतं, आणि एकेक पाय काढा. सोडवणाऱ्याने फळी किंवा झावळ्या टाकून त्यावर आडवं व्हायचं. दोराला मशीन लावून माणूस कधीही ओढायचा नाही, कंबर मोडते.

ट्रॅक्टर रुतला तर चाक फिरवत बसू नका, दर फेरीला ते अजून खाली जातं. मागच्या चाकांना ओंडका बांधून बाहेर काढायची एक गावठी युक्ती आहे. ती मला मुळीच मान्य नाही. ओंडका अडकला की चाक थांबतं, इंजिन थांबत नाही, आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाऊन तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. चाकापुढे उकरा, फळ्या घाला, दुसऱ्या ट्रॅक्टरने सरळ रेषेत ओढा आणि साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणाला उभं राहू देऊ नका.

राहिला रॅबिटचा प्रश्न. रॅबिट टाकलं तर वर तोंड बंद होईल, खालची पोकळी तशीच राहील. विटांचे तुकडे एकमेकांत अडकून पूल बांधतात आणि पाच वर्षांनी तोच पूल तुमच्या मुलाच्या पायाखाली तुटेल. शिवाय सगळं घाण पाणी शेजारच्या विहिरींत उतरेल. पोकलेन घट्ट जमिनीवर लांब उभं करून, लांब हाताने वरचं छत पाडून विहीर उघडी करून घ्या. आत काय निघतं ते पाहून ठरवा. दगडी बांधणी शाबूत असेल तर गाळ काढून कठडा बांधून घ्या. मनोरीला मार्चनंतर गोड पाण्याची काय किंमत आहे हे तुमच्या आजोबांना माहीत होतं. बुजवायचीच असेल तर कुजणारं सगळं बाहेर काढायचं, मग तळाला मोठे धोंडे, त्यावर लहान दगड, खडी, वाळू आणि शेवटी हातभर मातीचे थर धुम्मसाने ठोकत. मोठ्यावर लहान हा क्रम पाळला तरच वरची माती खाली गळत नाही. मध्यभाग थोडा उंच ठेवा, पहिल्या पावसाळ्यात तो बसेल, दिवाळीनंतर पुन्हा भर घाला. आणि तिच्यावर खोली किंवा टाकी बांधू नका.

आज उरलेल्या कामात एवढं करा: माणसाचा पाय गेला त्या भोकावर कोणी झावळ्या टाकून ठेवल्या असतील तर त्या लांब बांबूने ओढून काढा. भोक दिसत राहू दे.